एकशे बारा दगड

स्वतःवरच्या खटल्यात सरकार पक्षाच्या साक्षीदाराची चूक दुरुस्त करून देणारा, आणि ती दुरुस्त करता करता स्वतःलाच अडकवून घेणारा आरोपी या पृथ्वीवर आजवर एकच झाला असावा, आणि तो आमच्या घरापासून चौथ्या दारात राहतो. गेवराईत लहानथोर सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणतात. त्यांचं खरं नाव कोर्टाच्या कागदांवर आहे, पण ते पुकारलं की कोणाला बोलावलं हे खुद्द चाचांच्याही लक्षात येत नसे; शेवटी पुकारा देणारा शिपाईच "मिस्त्रीचाचा, चला" म्हणू लागला. मी कालव्यावर पाण्याची पातळी नोंदवण्याची नोकरी करतो. रोज पट्टी वाचायची आणि वाचली तेवढीच लिहायची, हे अठ्ठावीस वर्षं केल्यामुळे अंदाजाने आकडा सांगायची सवय उरलेली नाही. तेव्हा पुढे जे आकडे येतील ते मोजलेले आहेत असं समजावं.

चाचा ट्रॅक्टरचे मिस्त्री. कालव्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे आणि गॅरेजपुढे एक बाज. दुपारी जेवण झालं की चाचा त्या बाजेवर डोळे मिटून पडत आणि रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचं निदान करत. "याचा नोजल गेला. याला मालकानं चार महिने ऑइल दाखवलं न्हाई. ही गाडी चांगली हाय, चालवणारा बेकार हाय." हे सगळं डोळे न उघडता. एकदा आमच्या गल्लीतल्या मुलाच्या लग्नात वरात निघाली होती. पुढे बँड, मागे नवरदेवाची फुलांनी मढवलेली जीप. बँडच्या त्या गदारोळात चाचांना जीपच्या इंजिनातला टॅपेट ठोकताना ऐकू आला. त्यांनी हात वर करून वरात थांबवली, बॉनेटवरची फुलं काढून बाजूला ठेवली आणि बॉनेट उघडलं. नवरदेव खाली उतरून विचारायला आला, तर त्याच्या हातात पाना देऊन त्याला धरायला लावला. वरात सदतीस मिनिटं उशिरा मांडवात पोचली. मुलीकडचे चिडले होते, पण चाचांचं म्हणणं असं की संसाराला निघालेल्या माणसाची गाडी वाटेत बंद पडणं बरं दिसत नाही.

त्यांची दुसरी सवय म्हणजे ट्रायल. दुरुस्त केलेला ट्रॅक्टर रिकामा फिरवून मालकाच्या हवाली करणं त्यांना पाप वाटे. "रिकामी गाडी कोण बी पळवतं. भरल्यावर खरं कळतं." त्यासाठी गॅरेजच्या उजव्या हाताला काळ्या दगडांचा एक ढीग ठेवलेला आहे. ते दगड ट्रॉलीत भरायचे, ट्रॅक्टर पुलाच्या चढावर न्यायचा, चढाच्या बरोबर मध्यावर थांबवायचा आणि तिथून पुन्हा उचलायचा. उचलला तर गाडी मालकाची, नाही उचलला तर पुन्हा खोलायची. दगड एकशे बारा आहेत. मालकाने स्वतः भरायचे आणि स्वतःच उतरवायचे, असा नियम. या नियमापायी किती गिऱ्हाइकं दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली ते मला मोजता आलेलं नाही. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस ट्रॅक्टर न्यायला आला आणि साहेबांना घाई आहे, दगडांचं राहू द्या, म्हणाला. चाचा म्हणाले, "घाई हाय तर साहेबांना बी घेऊन या. दोघं मिळून लवकर भरताल."

पण या सगळ्यांहून मोठा हट्ट तिसरा. चाचांच्या वतीने दुसऱ्या कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. एकदा मी त्यांना आणि चाचींना दवाखान्यात घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, आणि चाची सवयीने म्हणाल्या की यांचा उजवा गुडघा दुखतो. चाचा स्टुलावरून उठले, लंगडत बाहेर गेले, पुन्हा आत आले, बसले आणि डॉक्टरांना म्हणाले, "माझा उजवा गुडघा दुखतो." डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने ते दुसऱ्यांदा लिहून घेतलं.

या हट्टाचं मूळ त्यांच्या लग्नात आहे. निकाहाच्या वेळी मुलीचा होकार आणायला तिच्याकडचा एक वडीलधारा माणूस साक्षीदारांना घेऊन आत जातो आणि तिचं उत्तर बाहेर येऊन सांगतो. चाचींकडून त्यांचे मामू गेले; साक्षीदार दाराबाहेरच थांबले. मामू कानाने अधू. चाची पडद्याआडून म्हणाल्या, "हो, पण दहावीची परीक्षा देऊ देणार का, तेवढं विचारा." मामूंना 'हो' ऐकू आलं. त्यांनी बाहेर येऊन राजी आहे म्हणून सांगितलं, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि उत्तराचा राहिलेला भाग पडद्याआडच राहिला. चाचांना तो चौदाव्या दिवशी कळला, तोवर परीक्षेचा अर्ज भरायची मुदत गेली होती. चाचांनी पुढच्या वर्षी चाचींना सायकलवर बसवून प्रत्येक पेपरला नेलं, पेपर सुटेपर्यंत ते शाळेच्या फाटकाशी उभे राहिले आणि चाची पास झाल्या. पण एक वर्ष गेलं ते गेलंच. तेव्हापासून त्यांचं म्हणणं कायम झालं, की मधला माणूस अर्धी गोष्ट आणतो.

आता खटल्याचं सांगतो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गोदाकाठच्या एका गावचा ट्रॅक्टरमालक क्लच घसरतो म्हणून ट्रॅक्टर घेऊन आला. मागे ट्रॉली, ट्रॉलीवर ताडपत्री, ताडपत्रीखाली वाळू. चाचांनी क्लच बदलला आणि दुपारी ट्रायल निघाली. ट्रॉली भरलेलीच आहे, आता दगड कशाला, असं मालक म्हणाला आणि चाचांना ते पटलं. वाळू कोणाची, तिचा परवाना आहे का, हे त्यांच्या मनातही आलं नाही. वजन ते वजन. चाचा स्टिअरिंगवर, मालकाचा एक गडी ट्रॉलीवर. चढाच्या मध्यावर ट्रॅक्टर थांबवला तेव्हा चाचांना गळलेलं तेल दिसलं. त्यांनी चाकाला दगड लावला आणि खाली शिरले. नेमकं त्याच वेळी वाळूचोरी धरणारं पथक तिथे आलं. गडी उडी मारून उसात पसार झाला. एक हवालदार त्याच्यामागे धावले, रिकाम्या हाताने परत आले आणि त्यांना ट्रॅक्टरखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले. पाय ओढल्यावर आतून आवाज आला, "थांबा की जरा. सील गळतंय."

मालकाने जबाब दिला की मी ट्रॅक्टर दुरुस्तीला टाकला होता, वाळूचं मला काही माहीत नाही. ट्रॉलीला नंबर नव्हता, म्हणून ती कोणाचीच नव्हती. गडी सापडला नाही. उरले चाचा. गुन्हा चोरीचा, शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. गॅरेज दोन हातांवर चालायचं आणि ते दोन्ही हात चाचांचे. घरात दोनच माणसं. ते आत गेले असते तर गॅरेजला कुलूप लागलं असतं आणि चाची एकट्या राहिल्या असत्या. मी जामीन राहिलो, आणि जामीन राहिलेल्या माणसाने आरोपी तारखेला हजर राहतो की नाही हे पाहिलं पाहिजे अशी माझी समजूत असल्याने प्रत्येक तारखेला रजा टाकून मीही हजर राहिलो.

न्यायाधीश मॅडम वयाने तरुण आणि हळू आवाजात बोलणाऱ्या. पहिल्याच तारखेला त्यांनी विचारलं, तुमचे वकील कोण? चाचा म्हणाले, मीच. मॅडमनी त्यांना नीट समजावलं. वकील देणं हा तुमचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकारकडून मोफत मिळेल, तो तुमचाच वकील असेल, सरकारचा नाही. समोर शिकलेले सरकारी वकील आहेत, साक्षीदाराला काय विचारावं आणि काय विचारू नये याचे नियम आहेत, चुकलात तर नुकसान तुमचं आणि शिक्षा झाली तर तीही तुम्हालाच. चाचा मान पुढे काढून ऐकत होते. एकदोनदा त्यांनी "काय?" विचारलं, तेव्हा मागे बसलेल्यांना तो उर्मटपणा वाटला.

"हे सगळं समजून नको म्हणताय?"

"समजून. मधला माणूस अर्धी गोष्ट आणतो, मॅडम."

मॅडमनी तो नकार टंकलेखकाला सांगून लिहून घेतला. सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा चाचांनी तो पहिल्या ओळीपासून वाचला आणि धंद्यापुढे 'मजुरी' लिहिलं आहे म्हणून सही करायला नकार दिला. तिथे 'ट्रॅक्टर मिस्त्री' असं झालं, मग त्यांनी सही केली. मॅडम शेवटी म्हणाल्या, "हा नकार आजचा आहे. पुढे कधीही मन बदललं तर सांगा. एकदा नको म्हटलं म्हणून हक्क संपत नाही." आणि त्या नुसत्या म्हणून थांबल्या नाहीत. प्रत्येक तारखेला तेच त्या पुन्हा विचारत आणि चाचा तेच पुन्हा सांगत. असे सात नकार नोंदले गेले.

गावाने समजावायचं सोडलं नाही. चहाच्या टपरीवर, नमाजाहून परतताना, गॅरेजच्या दारात, जो भेटेल तो एकच गोष्ट सांगे. त्यांचा एक जुना दोस्त, फळांचा गाडा लावणारा, एकदा चिडून म्हणाला, "का बे, तुला जेलच बघायचंय का? वकील घे म्हनतो तर तोंड फिरवतो." चाचांनी त्याच्या गाड्यावरचं एक केळ उचललं आणि त्याच्या गाड्याचं मागचं चाक वाजतंय असं सांगितलं. मीही माझ्या परीने प्रयत्न केला. एका तारखेला मी कोर्टाबाहेर लावलेली यादी वाचली. तेवीस प्रकरणं होती आणि बावीस प्रकरणांत आरोपीला वकील होता. हे मी चाचांना दाखवलं. त्यांनी यादीवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "मग तेवीसात एक तरी माणूस आपल्या तोंडानं बोलतोय."

मोफत वकील देणाऱ्या विधिसेवेच्या यादीवरच्या एक वकीलबाई होत्या. मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं की आरोपीचं मन बदललं तर कोणीतरी जवळ असावं, म्हणून त्या चाचांच्या प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर येऊन बसत. नकार झाला की वही मिटून उठत. तिसऱ्या तारखेला मॅडम बोलत असताना चाचांनी हात वर केला. "मॅडम, एक मिनिट. बाहेर कोणाची तरी मोपेड चालू राहिली हाय. बंद करायला सांगा, न्हाई तर पिस्टन धरंल." मोपेड वकीलबाईंचीच होती. एकदा बंद झाली की पुन्हा सुरू होत नाही म्हणून त्यांनी ती चालू ठेवून चहावाल्याच्या ताब्यात दिली होती. चाचा गॅरेजवर ट्रॅक्टरखेरीज दुसरी गाडी घेत नाहीत, पण त्या दिवशी मोपेड गॅरेजवर आली. खोलल्यावर कळलं की बाईंनी मोबाइलवर पाहून कार्बुरेटर स्वतःच उघडला होता आणि बसवताना एक भाग उलटा बसवला होता.

"हे तुमचं काम हाय का? तुमी स्वतः कावून खोललं?" चाचा रागावले.

वकीलबाई जणू याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. "मग तुम्ही तुमची केस स्वतः कावून खोलली, चाचा?"

मला वाटलं, संपलं, आता चाचा गप्प होणार. चाचांनी पाना पुसला आणि म्हणाले, "गाडीला तोंड न्हाई म्हणून तिला मिस्त्री लागतो. मला तोंड हाय." मोपेड मात्र पहिल्या किकला सुरू झाली.

मग हवालदारांच्या साक्षीचा दिवस आला. हवालदारांनी शपथेवर सांगितलं की ट्रॅक्टर तिसऱ्या गिअरमध्ये भरधाव चालला होता, पथकाला पाहून चालक उसात पळाला आणि आरोपी ट्रॅक्टरखाली लपून बसलेला मिळाला. कायद्यातलं मला फार कळत नाही, पण पळाला तो चालक, मग चाचांनी काय चोरलं, हा प्रश्न मलाही पडला. मागच्या बाकावर वकीलबाई ताठ बसल्या. मॅडमनी चाचांना सांगितलं की तुम्ही फक्त प्रश्न विचारा, स्वतः माहिती देऊ नका.

चाचांनी सुरुवात फार छान केली. "हवालदारसाहेब, मी लपलो होतो म्हणता. माझे पाय किती बाहेर होते?"

"गुडघ्यापर्यंत."

"लपणारा माणूस गुडघ्यापर्यंत पाय बाहेर ठेवतो का?"

कोर्टात हशा पिकला. मॅडमनी उत्तर नोंदवलं. त्याच क्षणी चाचा खाली बसले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण हवालदारांच्या साक्षीत एक चूक राहिली होती आणि चाचांना ती सोडवेना.

"आन तिसरा गिअर कावून म्हणता? भरलेली ट्रॉली आन पुलाचा चढ, तिसऱ्यात इंजिन दम सोडंल. दुसरा होता. मीच टाकलता." ते थांबले, आणि आता सगळंच नीट व्हावं म्हणून पुढे म्हणाले, "पळाला तो चालक न्हवता. ट्रॉलीवर बसलेला गडी होता. चालवत मी होतो."

इतका वेळ कागदात तोंड घालून बसलेल्या सरकारी वकिलांनी मान वर केली. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी हाताने टंकलेखकाला थांबवलं आणि चाचांना विचारलं की आपण आत्ता काय बोललात ते आपल्याला कळलं का, आणि स्वतःविरुद्ध बोलायची आपल्यावर सक्ती नाही हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं ते आठवतं का. चाचांना खरोखरच कोडं पडलं होतं. "विरुद्ध कुठं बोललो मॅडम? मी गिअरचं बोललो." मॅडमनी त्यांना सातव्यांदा वकिलाचं विचारलं, त्यांनी सातव्यांदा नको म्हटलं, आणि मालकाच्या साक्षीसाठी पंधरा दिवसांनंतरची तारीख पडली.

त्याच संध्याकाळी वकीलबाई मोपेडवरून गॅरेजवर आल्या आणि दगडांच्या ढिगावर बसल्या. चाची चहा घेऊन आल्या. मी तिथेच होतो. बाईंनी चाचांना एक शब्दही विचारला नाही. त्यांनी चाचींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? चाचांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि स्वतःचाच नियम आठवून मिटलं.

चाची पदराने हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मामूनं अर्धं आणलं, ते खरं हाय. पण मामू वाईट न्हवते. त्यांना ऐकू आलं न्हाई आन त्यांनी परत विचारलं न्हाई. परत विचारलं असतं तर सगळं आलं असतं." आणि चाचांकडे न पाहता पुढे म्हणाल्या, "मधला माणूस कसा हाय ते बघावं. मधे कोणी नकोच, असं म्हणून माणसानं जेलात जाऊ नये. मला एकटीला राहायचं न्हाई."

इतक्या वर्षांच्या संसारात चाची इतकं बोललेल्या मी तरी ऐकल्या नव्हत्या. चाचा दगडांकडे पाहत होते. तेव्हा वकीलबाईंनी त्यांना एक गोष्ट सांगितली. साक्षीदार संपले की न्यायाधीश थेट आरोपीला प्रश्न विचारतात आणि तिथे आरोपीच्या तोंडूनच उत्तर लागतं, वकिलाला मधे बोलता येत नाही. "कायद्याला पण तुमच्यासारखंच वाटतं चाचा. त्या दिवशी तुम्ही बोला. साक्षीदारांना मी विचारते. आणि जे विचारणार ते आधी तुम्हाला परत परत विचारून घेईन."

चाचांनी ढिगावरून घसरलेला एक दगड उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाले, "आधी ट्रायल. भरलेली."

पुढचे नऊ दिवस रोज तासभर ही ट्रायल चालली. बाई ढिगावर बसून विचारत, चाचा बाजेवर बसून सांगत, आणि आपलं म्हणणं बाईंनी जसंच्या तसं पुन्हा म्हणून दाखवलं की मगच पुढे जात. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी बाईंनी सहज बुडाखालच्या दगडाकडे पाहत विचारलं, त्या दिवशी हे दगड भरायला किती वेळ लागला?

"कावून भरायचे? ट्रॉली भरलेलीच आलती."

"म्हणजे मालक आला तेव्हाच तिच्यात वाळू होती?"

"हो की. तो इथंच तर बसलता, तुमी बसलाव तिथं. चहा पीत."

बाईंचा हात वहीवर थांबला. "मग हे कोर्टात का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलंच न्हाई."

"विचारणारे तुम्हीच होतात, चाचा."

चाचा हसले. या प्रकरणात ते मला पहिल्यांदाच मनापासून हसताना दिसले.

तारखेला मॅडमनी आठव्यांदा विचारलं, आणि चाचा म्हणाले, "आज पायजे." मी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. सात वेळा समजावलं होतं, एखादं वाक्य सुनावलं असतं तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी फक्त मान हलवली, वकीलबाईंना पुढे बोलावलं, आणि आरोपीच्या विनंतीवरून वकील देण्यात येत आहे, असं लिहायला सांगितलं. कागद आला. चाचांनी तो पहिल्या ओळीपासून वाचला. धंदा बरोबर होता.

मालक साक्षीला उभा राहिला तो इस्त्रीच्या कपड्यात. वकीलबाईंनी त्याला वाळूचं काहीच विचारलं नाही. मिस्त्रीचं काम कसं आहे, विचारलं. तो म्हणाला, काम चांगलं आहे. ट्रायलची सवय माहीत आहे का? तो हसून म्हणाला, सगळ्या तालुक्याला माहीत हाय, लई तरास देतो म्हातारा, रिकामी ट्रॉली असली की दगड भरायलाच लावतो. भरल्याशिवाय कधी ट्रायल झाली आहे का? आमच्या तरी माहितीत न्हाई. मग त्या दिवशी दगड कोणी भरले? कोणीच न्हाई, ढीग जागच्या जागी होता. हे तुम्ही कसं सांगता? "मी त्याच्यावरच बसलतो ना, गाडी परत यायची वाट बघत," मालक म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला आपण काय म्हणालो ते कळलं. दगड जागेवर होते, तरी ट्रॉली भरून गेली, आणि मालक तिथे बसून ती जाताना पाहत होता. वकीलबाई खाली बसल्या. आणखी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी घड्याळ पाहिलं. सगळं मिळून सहा मिनिटं लागली होती.

पुढच्या तारखेला चाचांची पाळी होती. मॅडमनी आवाज थोडा चढवून एकेक प्रश्न विचारला. चाचा पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. "गाडी मी चालवत होतो, दुसऱ्या गिअरमध्ये," ते म्हणाले. "वाळू माझी न्हवती. ती कोणाची, हे मी विचारलं न्हाई. विचारायला पायजे होतं. ती माझी चूक हाय. चोरी मी केली न्हाई." वकीलबाईंनी नंतर मला सांगितलं की यातलं एकही वाक्य त्यांनी पढवलेलं नव्हतं, आणि पहिलं वाक्य तर बोलू नका म्हणून त्यांनी नऊ दिवस विनवलं होतं.

निकालात चाचा निर्दोष सुटले. मालकाच्या साक्षीवर विश्वास ठेवता येत नाही आणि आरोपीचा चोरीचा हेतू दिसत नाही, असं मॅडमनी लिहिलं, आणि पुढे रिवाजाप्रमाणे संशयाचा फायदा आरोपीला देण्यात येतो, असंही लिहिलं. त्यावर चाचा बिथरले. गिअरसकट सगळं सांगितलं, मग संशय कशाचा राहिला? तो शब्द काढून टाकायला वरच्या कोर्टात जाता येईल का, असं ते वकीलबाईंना विचारत होते. बाईंनी त्यांना शांतपणे मोपेडवर मागे बसवलं आणि घरी आणून चाचींच्या ताब्यात दिलं. चाचींनी ताटं वाढली, आणि त्या दिवशी चौथ्या दाराचा मी जेवायला तिथेच थांबलो.

याला आता वर्ष होऊन गेलं. वकीलबाई बीडला असतात. मोपेड अजून चालू आहे असं कळतं. ट्रायल चालू आहे, फक्त आता ट्रॉली भरलेली आली तर चाचा आधी ती रिकामी करायला लावतात आणि मग स्वतःचे दगड भरायला लावतात, त्यामुळे गिऱ्हाइकं आणखी कुरकुरतात. पण दुपारी बाजेवर पडून गाड्यांचं निदान करणं बंद झालं आहे. गेल्या हिवाळ्यात कोणीतरी ट्रॅक्टर आणला तेव्हा त्याचा टॅपेट मला ऐकू आला आणि चाचांना आला नाही. मला, ज्याला पाणी सोडून दुसरं काही कळत नाही. कोर्टात ते "काय?" म्हणून का विचारत होते, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं; माणसांचे आवाज आधी गेले असावेत, इंजिनांचे मागून. सात नकारांपैकी किती नकार पूर्ण ऐकून दिले होते, कोण जाणे. हा आकडा माझ्याकडे नाही आणि मी त्यांना विचारणारही नाही.

परवा संध्याकाळी कालव्यावरून परतताना गॅरेजवर थांबलो. ट्रॅक्टर चालू होता. चाचा पाना घेऊन इंजिनाशी वाकले होते आणि शेजारी चाची, पदर कानामागे सारून, इंजिनाकडे मान कलती करून उभ्या होत्या.

"काय बोलतंय?" चाचांनी विचारलं.

"ठोकतंय. पण मधेच एकदा थांबतंय."

चाचांनी पाना एक आटा फिरवला. इंजिनाचा आवाज किंचित बदलला. चाची ऐकत होत्या, आणि चाचा इंजिनाकडे न पाहता चाचींच्या तोंडाकडे पाहत होते.

"आता?"

"आता कमी झालं."

"परत ऐक," चाचा म्हणाले, "सगळं ऐकून सांग."

चाचींनी पुन्हा कान दिला. मी जाऊन दगडांच्या ढिगावर बसलो आणि चाची काय सांगतात याची वाट पाहत राहिलो.